विरंगुळ्याच्या नेमबाजीसाठी लिव्हर-ॲक्शन रायफल : .२२ घ्यावी, .३५७ घ्यावी की .३०-३०?

प्लॅनोकर (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार. शीर्षकातील आकडे काडतुसांच्या मापांचे आहेत. गेल्या महिन्यात माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला आणि माझ्या १६ वर्षांच्या मुलीला डॅलसच्या उत्तरेकडील एका खुल्या रेंजवर नेले होते. त्याच्याकडे त्याच्या वडिलांची विंचेस्टर ९४ ही लिव्हर-ॲक्शन रायफल आहे, म्हणजे खालचा दांडा हाताने फिरवून पुढचे काडतूस भरायची. .३०-३० ची काडतुसे एकेक करून बाजूच्या झडपेतून आत सरकवायची, लिव्हर खाली लोटून पुन्हा वर ओढायचा, पुंगळी (काडतुसाचे रिकामे कवच) उडून बाजूला पडलेली पाहायची आणि माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरील नेमाच्या खुणेवर, नजर स्थिर करायची, हा सगळा क्रम मला फार आवडला आणि तेव्हापासून तो मनातून गेलेला नाही. मुलीने मात्र तीन गोळ्या झाडल्यावर खांदा दुखतो म्हणून रायफल खाली ठेवली. नंतर त्याच सहकाऱ्याने तिला हेन्रीची .२२ दिली, आणि ती तिने तासभर हातातून सोडली नाही.

मी या देशात १७ वर्षे राहतो आहे आणि गेल्या वर्षी येथील नागरिक झालो, त्यामुळे खरेदीला कायद्याची अडचण नाही. शिकार मला करायची नाही आणि घराच्या संरक्षणासाठीही रायफल नको आहे. महिन्यातून एखाद्या रविवारी सकाळी ऊन चढण्यापूर्वी रेंजवर जावे, २५ आणि ५० यार्डांवर कागदी लक्ष्ये लावावीत, कधी १०० यार्डांवरही नेम धरून पाहावा, एवढीच इच्छा आहे.

आमच्या दोन अडचणी आहेत. माझे वय ५१ असून जवळचे दिसण्यासाठी चष्मा लागतो. सहकाऱ्याच्या रायफलीची मागची खाच, जिच्यातून माशी पाहून नेम धरतात ती, मला धूसर दिसत होती. मुलगी डावखुरी आहे. दुकानांत चौकशी केल्यावर चार नावे समोर आली : हेन्री एच००१ (.२२), ब्राउनिंग बीएल-२२, रॉसी आर९२ (.३५७ मॅग्नम) आणि नवी विंचेस्टर ९४ (.३०-३०). मला सांगितलेल्या किमती पाहता पहिली चारशे डॉलरांच्या आसपास, दुसरी आणि तिसरी सातशे ते नऊशेच्या दरम्यान, तर चौथी तेराशेच्या वर जाते. मन विंचेस्टरकडे ओढते आणि व्यवहार .२२ कडे बोट दाखवतो. ज्यांनी या रायफली प्रत्यक्ष वापरल्या आहेत, त्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा, ही विनंती.


पारिजात (न्यू जर्सी)

निवडीच्या चर्चेत शिरण्यापूर्वी कायद्याची एक बाजू येथे नोंदवून ठेवणे मला आवश्यक वाटते. धागाकर्ते नागरिक आहेत, म्हणून त्यांना ती लागू नाही. परंतु हा धागा वाचणाऱ्यांत एच-१बी किंवा एल-१ व्हिसावर आलेले पुष्कळ जण असतील. तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास येथील संघराज्याच्या कायद्याने मनाई केली आहे. तिला काही अपवाद आहेत आणि त्यांतला नेहमी उपयोगी पडणारा अपवाद म्हणजे कोणत्याही राज्याचा वैध शिकार परवाना. मित्राची रायफल रेंजवर थोडा वेळ हातात घेणे हेसुद्धा ‘बाळगणे’ ठरू शकते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही मनाई नाही. दुकानात खरेदी करताना ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो, त्यात व्हिसासंबंधी स्पष्ट प्रश्न असतो आणि तेथे चुकीचे उत्तर देणे हा गुन्हा आहे. ज्यांना थोडीही शंका असेल त्यांनी आधी वकिलाला विचारावे.

राज्यांचे नियमही वेगवेगळे आहेत. आमच्याकडे रायफल विकत घेण्यापूर्वी पोलिसांकडून खरेदीदाराचे ओळखपत्र घ्यावे लागते, इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड, म्हणजे बंदूकधारकाचे ओळखपत्र, लागते. टेक्सासमध्ये असे काही लागत नाही. मात्र टेक्सासमध्ये १७ वर्षांखालील मुलाच्या हाती भरलेली बंदूक सहज लागेल अशा रीतीने ती ठेवणे हा गुन्हा आहे. मुलगी १६ वर्षांची आहे, म्हणून रायफलीबरोबरच कुलपाची लोखंडी पेटी घ्यावी आणि काडतुसे निराळ्या कुलपात ठेवावीत.


निवांत (कोलोरॅडो)

माझ्याकडे गेली २२ वर्षे लिव्हर-ॲक्शन रायफली आहेत आणि आपण लिहिलेल्या चारांपैकी तीन मी स्वतः वापरल्या आहेत. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपल्याला महिन्यातून एकदा, निवांतपणे, मुलीबरोबर नेम धरायचा आहे. या हेतूला .२२ खेरीज दुसरे उत्तर मला दिसत नाही, आणि त्याचे पहिले कारण काडतुसांचा खर्च हे आहे. आमच्या भागात .२२ चे साधे काडतूस ८ ते १० सेंटला पडते, .३८ स्पेशल (जे .३५७ च्या रायफलीतही चालते) ३५ ते ४० सेंटला, .३५७ त्याहून महाग आणि .३०-३० एक डॉलरच्याही वर. दोघांनी मिळून एका सकाळी दीडशे गोळ्या झाडल्या, तर .२२ ला सुमारे १५ डॉलर लागतात आणि .३०-३० ला दीडशेहून अधिक. एवढा फरक असला की माणूस गोळ्या मोजून झाडू लागतो, आणि मोजून झाडणाऱ्याचा हात बसायला वर्षे लागतात. दुसरे कारण धक्क्याचे. .३०-३० चा धक्का मोठ्या माणसाला फारसा जाणवत नाही, पण नवख्याच्या शरीराला तो लक्षात राहतो. पुढच्या वेळी चाप ओढण्याच्या क्षणी डोळा मिटतो आणि खांदा आपोआप पुढे येतो. ही सवय एकदा लागली की मोडणे फार कठीण असते. मुलीने तीन गोळ्यांनंतर रायफल खाली ठेवली, यात तिचे काहीही चुकले नाही.

आता .२२ मध्ये लिव्हर-ॲक्शनच का घ्यावी, तेही सांगतो. आपोआप भरणाऱ्या रायफलीची यंत्रणा काडतुसाच्या जोरावर चालते, त्यामुळे दुबळे काडतूस घातले की ती अडते. लिव्हर-ॲक्शन आपल्या हातावर चालते. म्हणून एकाच रायफलीत सेकंदाला सुमारे १२०० फूट वेगाचे नेहमीचे काडतूसही चालते आणि सीसीआय या काडतूस कंपनीचे ७१० फूट वेगाचे ‘क्वाएट’ काडतूसही तितकेच बिनघोर चालते. या दुसऱ्याचा आवाज इतका कमी असतो की नवख्या मुलांची पहिली भीती त्याने जाते. कानांवर संरक्षण मात्र तरीही हवेच.

डावखुऱ्या व्यक्तीसाठी हा प्रकार विशेष सोयीचा आहे. बोल्ट-ॲक्शनचा, म्हणजे दांडा मागे-पुढे सरकवून भरायच्या रायफलीचा, दांडा बहुधा उजव्या बाजूला असतो, त्यामुळे डावखुऱ्याला प्रत्येक गोळीनंतर हात रायफलीवरून पलीकडे न्यावा लागतो. लिव्हर मधोमध खाली असल्याने डावे-उजवे असा भेद राहत नाही. पुंगळी उजवीकडे उडते, म्हणजे डावखुऱ्याच्या तोंडासमोरून जाते, पण .२२ ची पुंगळी हलकी असते. संरक्षक चष्मा घातला असेल तर तिचा काही त्रास होत नाही.

हेन्री एच००१ आणि बीएल-२२ या दोन्ही रायफली उत्तम आहेत, परंतु त्यांचे स्वभाव निराळे आहेत. एच००१ चे वजन सव्वापाच पौंड, नळी १८ इंचांहून किंचित लांब, आणि नळीखालच्या नळकांड्यात .२२ लाँग रायफल या नेहमीच्या प्रकारची १५ काडतुसे मावतात. तिच्या यंत्रणेची पेटी जस्ताच्या मिश्रधातूची असून वरून रंगवलेले आवरण असते, आणि काही लोक यावरून तिला नावे ठेवतात. मी माझ्या एच००१ मधून काही हजार गोळ्या झाडल्या आहेत. लिव्हर आजही लोण्यातून सुरी जावी तसा फिरतो आणि काही ढिले पडलेले नाही. बीएल-२२ जपानमधील मिरोकू कारखान्यात बनते, १९६९ पासून बाजारात आहे आणि तिची पेटी पोलादाची आहे. तिचे वैशिष्ट्य म्हणजे लिव्हर केवळ ३३ अंशांत फिरतो आणि चाप लिव्हरबरोबरच खाली जातो, त्यामुळे बोट चापाच्या मध्ये चिमटत नाही. लहान हातांना ती चटकन जमते. किंमत दुप्पट आहे आणि ती कारागिरीत दिसतेही. पण २५ यार्डांवरच्या कागदाला ही दुप्पट किंमत कळत नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे.

जुन्या बाजारात मार्लिन ३९ए किंवा १९७२ ते २००५ या काळात बनलेली विंचेस्टर ९४२२ मिळाली, तर अवश्य पाहावी. मार्लिन ३९ए चा एक मोठा स्क्रू नाण्यानेही फिरवता येतो आणि रायफलीचे दोन भाग होतात. मग नळी मागच्या बाजूने नीट साफ करता येते. बाकीच्या बहुतेक लिव्हर-ॲक्शन तोंडाकडून साफ कराव्या लागतात, आणि तेथे सळई घासली तर नळीचे तोंड झिजून नेम बिघडतो. म्हणून सळईऐवजी मागून ओढायची दोरी वापरावी. मात्र जुनी रायफल घेताना ती स्वतः झाडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. माझी पहिली जुनी .२२ मी एका दुकानातून केवळ चकाकणारा लाकडी दस्ता पाहून घेतली होती. पुंगळी बाहेर खेचणारा आकडा झिजलेला होता, आणि दर चार-पाच गोळ्यांनंतर पुंगळी आतच राहत असे. दुरुस्तीला रायफलीच्या किमतीचा तिसरा हिस्सा खर्च झाला.

आपल्या डोळ्यांविषयी. पन्नाशीनंतर मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य या तिन्ही गोष्टी एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. खाचेऐवजी छिद्राची मागची दृष्टी (नेम धरण्याचे साधन) बसवली, म्हणजे ज्याला येथे ‘पीप साइट’ म्हणतात ती, तर डोळा त्या बारीक छिद्रातून नुसता आरपार पाहतो, छिद्राकडे लक्ष देण्याची गरजच राहत नाही, आणि छिद्र लहान असल्यामुळे माशी व लक्ष्य दोन्ही अधिक ठळक दिसतात. बीएल-२२ आणि एच००१ यांच्यात जे चारशे डॉलर वाचतात, त्यांतले शंभर या दृष्टीवर खर्च करावेत. दुर्बीणही बसवता येते, कारण एच००१ च्या पेटीवर तिच्यासाठी खाचा आहेत. परंतु दुर्बीण लावल्यावर लिव्हर-ॲक्शनचा हलकेपणा जातो आणि ती हातात वेगळीच वाटू लागते.


सरळरेषा (पुणे)

मी बालेवाडीच्या रेंजवर अनेक वर्षे ५० मीटर रायफल प्रकारात सराव केला आहे, म्हणून माझी दृष्टी कदाचित थोडी वेगळी असेल. या प्रकारातील लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. २०२४ मध्ये पॅरिसला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हा अंतिम फेरीत त्यांचे ४५१.४ गुण झाले होते. त्या पातळीशी तुलना करण्याचा माझा हेतू नाही. मला एवढेच सांगायचे आहे की, एकाच छिद्रात गोळ्या घालण्याची आवड मनात असेल तर लिव्हर-ॲक्शन आपल्याला लवकरच अपुरी वाटेल. तिचा दस्ता दोन तुकड्यांचा असतो, काडतुसांचे नळकांडे नळीलाच टांगलेले असते आणि रिकामे होत जाताना नळीवरचा भार बदलतो. चापही जड असतो. त्याच किमतीत चांगली बोल्ट-ॲक्शन .२२ मिळते आणि ती निःसंशय अधिक अचूक असते.

आणखी एक विनंती. मुलीला आधी टेबलावर, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून शिकवावे. श्वास अर्धा सोडून थांबणे, बोटाच्या पहिल्या पेराने चाप हळूहळू दाबणे आणि गोळी सुटल्यावरही क्षणभर माशीवरच नजर ठेवणे, या तीन गोष्टी कोणत्याही रायफलीवर सारख्याच आहेत. उभे राहून झाडण्याची घाई करू नये.


निवांत

सरळरेषा यांचे अचूकतेविषयीचे म्हणणे पूर्णपणे खरे आहे आणि मी त्याला हरकत घेणार नाही. माझी एच००१ टेबलावरून ५० यार्डांवर पाच गोळ्या साधारण सव्वा इंचात ठेवते; त्याच काडतुसांनी माझ्या शेजाऱ्याची बोल्ट-ॲक्शन अर्ध्या इंचात ठेवते. परंतु धागाकर्त्यांनी ज्या आनंदाचे वर्णन केले आहे, तो लिव्हरच्या हालचालीतला आहे. बोल्ट-ॲक्शन घेऊन ते अधिक अचूक झाडतील आणि मनात लिव्हरचा विचार करत राहतील.


मृगजळ (ॲरिझोना)

.३५७ ची बाजू कोणीच मांडली नाही, म्हणून मी लिहितो. रॉसी आर९२ ही ब्राझीलमध्ये बनणारी रायफल जॉन ब्राउनिंग यांनी रचलेल्या विंचेस्टर १८९२ ची प्रतिकृती आहे, आणि ती रचना इतकी भक्कम आहे की त्याच आकाराच्या रायफलीत .४५४ कॅसुलसारखे जबर काडतूसही झाडले जाते. .३५७ च्या रायफलीत .३८ स्पेशल चालते. त्याचा धक्का रायफलीच्या वजनात जवळजवळ विरून जातो आणि आवाजही गोल, मऊ येतो. लोखंडी लक्ष्यावर .२२ ची टिकटिक आणि .३८ चा टणत्कार यांतला फरक एकदा ऐकला की समजतो. लोखंडी लक्ष्यावर झाडताना अंतराचे नियम रेंजवाल्यांकडून नीट समजून घ्यावेत, कारण शिशाचे तुकडे मागे उडतात.

.३८ पुष्कळ झाडल्यावर नळीच्या मागच्या कप्प्यात काजळीचे कडे जमते आणि मग लांब .३५७ आत जायला अडते. प्रत्येक वेळी कप्पा ब्रशने घासला की ही अडचण उरत नाही. माझी आर९२ नवी असताना लिव्हर खरखरीत होता. पाच-सहाशे गोळ्यांनंतर तो सुधारला.

आपल्यापैकी कोणाला रस असेल तर ‘काउबॉय ॲक्शन शूटिंग’ हा खेळ पाहावा. त्यात एकोणिसाव्या शतकातील पद्धतीचा पोशाख करून, त्याच काळातील रचनेच्या बंदुकांनी वेळेविरुद्ध लक्ष्ये टिपतात, आणि तेथे .३८ झाडणाऱ्या लिव्हर-ॲक्शन मोठ्या संख्येने दिसतात. तेथील मंडळी नवख्यांना फार आपुलकीने शिकवतात. मी एकटाच मराठी असूनही मला कधी परके वाटले नाही.

मध्यवर्ती आघाताच्या, म्हणजे बुडाच्या मधोमध पेटवणारी टोपी असलेल्या, काडतुसांविषयी सुरक्षिततेची एक सूचना, जी .२२ ला लागू पडत नाही. नळकांड्यात काडतुसे एकामागे एक असतात आणि मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडातील टोपीला टेकते. म्हणून .३०-३० किंवा .३५७ साठी चपट्या टोकाच्या गोळ्याच वापराव्यात, किंवा हॉर्नडी कंपनीच्या लेव्हरेव्होल्यूशनसारख्या मऊ टोकाच्या, ज्या याच कारणासाठी बनवल्या आहेत. टोकदार कडक गोळी नळकांड्यात कधीही घालू नये.


पाणंद (सिंधुदुर्ग)

चर्चा आवडीने वाचतो आहे. आमच्याकडे रानडुकरे आणि माकडे यांच्यापासून पिके राखण्यासाठी परवान्याची ठासणीची बंदूक अनेक घरांत असते, आणि निवडणुका आल्या की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. विरंगुळ्यासाठी रायफल ही कल्पनाच आमच्यासाठी नवी आहे. एक शंका विचारतो. इंग्रजी अमदानीतील मार्टिनी-हेन्री बंदुकीलाही खाली लिव्हर असे, असे वाचले होते. तीच ही हेन्री का?


निवांत

चांगला प्रश्न विचारलात. नाही, हे दोन वेगळे हेन्री आहेत. मार्टिनी-हेन्रीतील हेन्री म्हणजे एडिंबरोचे अलेक्झांडर हेन्री. नळीतील आटे त्यांचे आणि यंत्रणा मार्टिनी यांची. ती ब्रिटिश सैन्याने १८७१ मध्ये स्वीकारली. तिला लिव्हर होता, पण तो केवळ मागचा ठोकळा खाली करण्यासाठी. काडतूस दर वेळी हाताने ठेवावे लागे, म्हणजे ती एकबारी होती. अमेरिकेचे हेन्री म्हणजे बेंजामिन टायलर हेन्री. त्यांना १८६० मध्ये पेटंट मिळाले आणि त्यांच्या रायफलीच्या नळकांड्यात .४४ ची १६ काडतुसे मावत. ऑलिव्हर विंचेस्टर यांच्या कारखान्यात ती बनली आणि तिच्यातूनच १८६६ आणि १८७३ च्या विंचेस्टर आल्या. आजची हेन्री कंपनी १९९६ मध्ये स्थापन झाली. तिने ते नाव घेतले आहे, वारसा सरळ रेषेत आलेला नाही.


प्लॅनोकर (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन आठवडे विचार केला, मुलीला दुकानात दोनदा घेऊन गेलो आणि अखेर एच००१ घेतली. बीएल-२२ मुलीला अधिक आवडली होती, हे लिहिले पाहिजे. लिव्हर फिरवताना तिची बोटे दस्त्यावरून जवळजवळ हलत नव्हती. परंतु आमची गरज आणि किंमत यांचा मेळ एच००१ शी बसला, आणि वाचलेल्या पैशांत कुलपाची पेटी, दोघांसाठी कानांचे चांगले संरक्षण आणि पीप साइट घेता आली. रॉसीचा विचार सोडलेला नाही. मृगजळ यांनी वर्णन केलेला टणत्कार ऐकल्याशिवाय राहवणार नाही, पण तो पुढच्या वर्षी.

काल सकाळी सात वाजता रेंजवर पोहोचलो. भरण्याची पद्धत पहिल्यांदा नीट पाहिली : नळीखालच्या नळकांड्यातील पितळी नळी थोडी फिरवून वर ओढायची, बाहेरच्या नळकांड्यात काडतुसाच्या आकाराचे भोक उघडे पडते, त्यातून एकेक काडतूस बुडाकडून आत सोडायचे आणि पितळी नळी पुन्हा खाली दाबून फिरवायची. हे करताना हात नळीच्या तोंडाजवळ जातो, म्हणून आम्ही नियम केला की भरताना रायफल टेबलावर, तोंड लक्ष्याकडे आणि हात तोंडाच्या पुढे कधीच नाही. रिकामी करताना पितळी नळी पूर्ण काढून उरलेली काडतुसे बाहेर ओतायची, मग लिव्हर तीन-चारदा फिरवायचा, आणि शेवटी कप्प्यात डोळ्याने पाहून करंगळी घालून खात्री करायची. काल असे करताना उचलणाऱ्या पट्टीवर एक काडतूस खरोखरच राहिलेले सापडले. डोळ्याने पाहिले नसते तर ते तसेच घरी आले असते.

पहिल्या अर्ध्या तासात मुलीकडून दोनदा अडथळा आला. तिने लिव्हर पूर्ण खाली नेला नव्हता. पुंगळी निघाली, पण नवे काडतूस वर आले नाही, आणि चाप ओढल्यावर नुसता ‘टक्’ असा आवाज झाला. आपल्या लिव्हरला लाजू नकोस, खालपर्यंत ने, असे शेजारच्या टेबलावरील एका आजोबांनी तिला समजावले, आणि त्यानंतर एकदाही अडथळा आला नाही. सरळरेषा यांनी सांगितल्याप्रमाणे वाळूच्या पिशवीवरूनच झाडले. २५ यार्डांवर तिच्या शेवटच्या दहा गोळ्या चहाच्या बशीएवढ्या जागेत होत्या, आणि माझ्या त्याहून थोड्या पसरलेल्या.

एक प्रश्न उरला आहे. पीप साइट अजून बसवलेली नाही, कारण तिचे स्क्रू घट्ट करण्यासाठी लागणारी किल्ली घरी नव्हती. मूळच्या खाचेने झाडल्यावर आम्हा दोघांच्याही गोळ्या सुमारे दोन इंच डावीकडे आणि एक इंच खाली जात होत्या. दोघांच्या सारख्याच जात असल्याने दोष आमच्या हाताचा नसून रायफलीवरच्या दृष्टीचा असावा, असे मला वाटते. खाच कोणत्या बाजूला सरकवावी?


निवांत

निष्कर्ष बरोबर आहे. मागची दृष्टी सरकवताना गोळी ज्या दिशेला जायला हवी, त्याच दिशेला ती न्यायची. आपल्याला गोळी उजवीकडे आणि वर हवी आहे, म्हणून खाच उजवीकडे आणि वर. वर नेण्यासाठी खाचेखालची पायऱ्यांची पट्टी अशी सरकवावी की खाच एक पायरी उंच होईल. उजवीकडे नेण्यासाठी ती खाच आडव्या खोबणीत ठोकून सरकवावी लागते. ठोकण्यापूर्वी पेन्सिलीने दोन्ही धातूंवर मिळून एक बारीक रेष काढावी, म्हणजे किती सरकली ते दिसते. पितळी खिळा आणि हलकी हातोडी घ्यावी, लोखंडी नको. २५ यार्डांवर दोन इंच म्हणजे खाचेवर एक मिलिमीटरपेक्षाही कमी अंतर, तेव्हा एका वेळी एकच टोला द्यावा आणि पाच गोळ्या झाडून पाहावे.

मात्र पीप साइट लवकरच बसणार असेल, तर हे सगळे तिच्यावरच करावे. तिच्यातील स्क्रू फिरवून दोन्ही दिशा जुळवता येतात आणि हातोडीला हात लावावा लागत नाही. मूळची खाच तेव्हा पूर्ण काढून टाकावी, अन्यथा छिद्रातून पाहताना ती मध्ये येते.


प्लॅनोकर (धागाकर्ता)

मग खाचेला हात लावत नाही. किल्ली आज संध्याकाळी आणतो, आणि पुढच्या रविवारी मुलीच्या लक्ष्याचा कागद घरी आणून गोळ्यांची मोजमापे येथे लिहितो.